सिंगापूर ते बँकॉक: अडीच तासांचं विमान, आठ तासांचा दिवस

"साडेनऊला सुटतं आणि दहा पंचावन्नला पोचतं, म्हणजे दीड तासाचंच विमान की गं. आपल्याला सांगलीहून पुण्याला जायला याच्या तिप्पट वेळ लागतो." बाबा तिकिटाची प्रिंट हातात घेऊन हे म्हणाले आणि आईने लगेच हिशेब केला: दीड तासाचा प्रवास, मग खायला काही घ्यायला नको, बाराला हॉटेलवर, साडेबाराला जेवण, दोन वाजता देवळं बघायला. आम्ही सिंगापूरला राहतो. सांगली-पुण्याहून कोणी ना कोणी येतं, आठवडाभर राहतं आणि मग म्हणतं, इतक्या लांब आलोच आहोत तर बँकॉकही करून जाऊ. दर वेळी मी त्यांच्याबरोबर बसून तीच तयारी तोंडी सांगते. या वेळी लिहून काढली.

सगळ्यात आधी घड्याळ. बँकॉक सिंगापूरच्या एक तास मागे आहे. तिकिटावर सुटायची वेळ सिंगापूरची असते आणि पोचायची वेळ बँकॉकची, त्यामुळे साडेनऊ ते दहा पंचावन्न हे अंतर सव्वा-दीड तासाचं दिसलं तरी आपण जागेवर बसून असतो जवळजवळ अडीच तास. येताना उलटं होतं. बँकॉकहून दुपारी एकला सुटलेलं विमान सिंगापूरला चार पंचवीसच्या सुमाराला उतरतं आणि प्रवास साडेतीन तासांचा वाटतो. विमान तेवढंच उडतं. आपल्या भारताचं गणित डोक्यात ठेवायचं असेल तर बँकॉक आपल्यापेक्षा दीड तास पुढे आणि सिंगापूर अडीच तास पुढे. घरी फोन करायच्या वेळा आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या वेळा यावरून एका कागदावर आधीच मांडून ठेवा.

या एका तासाची गोष्ट मला फार आवडते. सिंगापूर 103.8 अंश पूर्व रेखांशावर आहे आणि बँकॉक 100.5 वर. सव्वातीन अंशांचा फरक, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जेमतेम तेरा मिनिटं. मग घड्याळात एक तास कुठून आला? मलेशियाने आपल्या पूर्व आणि पश्चिम भागांची वेळ एक करायची ठरवली आणि 1982 सुरू होताना पश्चिमेकडची घड्याळं, जी बँकॉकच्या आधीच अर्धा तास पुढे होती, ती आणखी अर्धा तास पुढे नेली. शेजारच्या सिंगापूरनेही तेच केलं. म्हणून सिंगापूरला वर्षभर सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या आसपासच मावळतो. बँकॉकला डिसेंबरात सहालाच अंधार पडायला लागतो. तिथल्या पहिल्या संध्याकाळी नदीकाठी सूर्यास्त बघायचा बेत असेल तर सिंगापूरच्या सवयीने सातला पोचू नका, उशीर झालेला असेल.

आता अंतर. लोकांना वाटतं आग्नेय आशियातली शहरं एकमेकांना चिकटून आहेत, कारण जगाच्या नकाशावर ती तशी दिसतात. घरी ॲटलास असेल तर उघडा आणि मुलांना हे गणित करायला लावा. सिंगापूर विषुववृत्तापासून सव्वा-दीड अंश उत्तरेला, बँकॉक पावणेचौदा अंशांच्या जवळ. मधले साधारण 12.4 अंश, एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर, म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर 1,376 किलोमीटर. पश्चिमेकडे सरकायचे सव्वातीन अंश, ते सुमारे 360 किलोमीटर. शाळेतलं पायथागोरस लावलं की 1,420 किलोमीटर येतात. मुंबई ते दिल्ली हवाई अंतर यापेक्षा कमी, मुंबई ते कोलकाता यापेक्षा जास्त. शेजारच्या गावाला निघालो नाही, हे एवढ्यावरून कळतं. जमिनीवरून गेलात तर मलेशिया दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत पूर्ण ओलांडावा लागतो आणि रस्त्याचं अंतर 1,800 किलोमीटरच्या पुढे जातं. आगगाड्या बदलत, सरहद्दीवरच्या पाडांग बेसारहून रात्रीची स्लीपर गाडी पकडून जाणारे हौशी लोक मला माहीत आहेत. वेळ आणि गुडघे दोन्ही धड असतील तर जरूर जा, पण त्याला पूर्ण दोन दिवस धरा.

विमान ताशी 800-850 किलोमीटरच्या वेगाने जातं, मग पावणेदोन तास पुरायला हवेत. पण वेळापत्रकात 2 तास 20 मिनिटांपासून 2 तास 35 मिनिटांपर्यंत वेळ दिलेला दिसतो. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तेव्हापासून समोरच्या गेटला लागेपर्यंतचा तो हिशेब असतो. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर धावपट्टीपर्यंत रांगेने जाणं, वर चढणं, बँकॉकजवळ उतरण्यासाठी आपली पाळी येईपर्यंत वळसा घेणं आणि उतरल्यावर गेटपर्यंतची चाल, हे सगळं त्यात येतं. मुंबईहून लंडनला जाताना आणि येताना वेळ वेगळा लागतो, तसं इथे फारसं होत नाही. हा मार्ग जवळजवळ दक्षिणोत्तर आहे, त्यामुळे पूर्व-पश्चिम वाहणारे वरचे जोरदार वारे इथे फार कमी-जास्त करत नाहीत. जाताना जेवढा वेळ, येताना साधारण तेवढाच.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. तयारी विमानाच्या वेळेची करू नका, पूर्ण दिवसाची करा. साडेनऊचं विमान असेल तर लिटल इंडियातल्या हॉटेलातून सव्वासहाला निघा. पावणेसात-सातपर्यंत चांगीला पोचता. बॅगा द्यायचा काउंटर बहुतेक विमानांसाठी सुटायच्या तासभर आधी बंद होतो, म्हणजे साडेआठला. त्यानंतर पासपोर्टची तपासणी आणि गेटपर्यंतची चाल, जी ज्येष्ठांच्या पावलांनी सहज वीस मिनिटांची होते. गेट सुटायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बंद. बँकॉकला दहा पंचावन्नला उतरल्यावर इमिग्रेशनची रांग कधी पंधरा मिनिटांची असते, कधी तासाची. बॅगा हातात येऊन बाहेर पडेपर्यंत सव्वाबारा, शहरात हॉटेलवर सव्वा एक. सिंगापूरच्या घड्याळात तेव्हा सव्वादोन वाजलेले असतात. घरातून निघून आठ तास झाले. आईचं साडेबाराचं जेवण इथेच हुकतं आणि डायबेटिस असलेल्या माणसाला ते हुकून चालत नाही. म्हणून दशम्या, चटणी, राजगिऱ्याच्या वड्या, खाकरा, जे कोरडं आणि टिकाऊ ते हातातल्या पिशवीत ठेवा. विमानात शाकाहारी जेवण हवं असेल तर किमान 24 तास आधी नोंदवावं लागतं, स्वस्त विमानात तिकिटाबरोबरच विकत घ्यावं लागतं.

तिकीट काढायच्या आधी दोन गोष्टी बघा. पहिली, बँकॉकमध्ये मोठे विमानतळ दोन आहेत. एक सुवर्णभूमी, 2006 साली सुरू झालेला, शहराच्या पूर्वेला. दुसरा डॉन मुआंग, शहराच्या उत्तरेला, 1914 पासूनचा, आता मुख्यतः स्वस्त विमान कंपन्यांचा. तिकिटावर बीकेके लिहिलं असेल तर सुवर्णभूमी, डीएमके असेल तर डॉन मुआंग. अंतरात आणि उड्डाणाच्या वेळात दोन्हींत फरक नगण्य आहे, पण जाताना एका विमानतळावर आणि परतताना दुसऱ्यावरून असं तिकीट असेल तर हे आधीच कळायला हवं. गर्दीच्या वेळी एकाकडून दुसऱ्याकडे जायला दीड तासही लागतो. हॉटेल आधी ठरलं असेल तर त्याला जवळचा विमानतळ निवडा. चार-पाचशे रुपये वाचवायला गावाच्या दुसऱ्या टोकाला उतरू नका.

दुसरी गोष्ट दिशेची, आणि इथे माझं मत ठाम आहे. भारतातून येणाऱ्यांनी आधी सिंगापूर करावं, मग बँकॉक, आणि बँकॉकहूनच घरी जावं. मुंबई ते सिंगापूर सुमारे 3,900 किलोमीटर, बँकॉक ते मुंबई सुमारे 3,000. बँकॉक आपल्या परतीच्या वाटेवरच आहे. सिंगापूरहून बँकॉकला जाऊन, पुन्हा सिंगापूरला येऊन मग मुंबईचं विमान धरलं तर उगाच 2,300 किलोमीटर जास्त उडणं होतं आणि सुट्टीतला एक पूर्ण दिवस विमानतळांवर जातो. बऱ्याच जणांनी मुंबई-सिंगापूरचं जाण्यायेण्याचं तिकीट आधी काढलेलं असतं आणि मग बँकॉकची हौस येते. हौस आधीच येऊ द्या.

पुन्हा सिंगापूरला यायचंच असेल तर व्हिसा काढून त्यावरची ओळ बघा. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला यायला व्हिसा लागतो. तो एकाच प्रवेशाचा असेल तर बँकॉकला जाण्यासाठी सिंगापूर सोडलं की संपला, परतीच्या विमानात चेक-इनलाच अडवतील. अनेक प्रवेशांचा असेल तर प्रश्न नाही. थायलंडचे भारतीयांसाठीचे नियम गेल्या काही वर्षांत बरेचदा बदलले आहेत, त्यामुळे शेजाऱ्यांना गेल्या वर्षी काय लागलं यावर जाऊ नका. तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाची अधिकृत साइट बघा. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी.

मग फॉर्म. थायलंडने 1 मे 2025 पासून पूर्वीच्या कागदी कार्डाच्या जागी डिजिटल आगमन कार्ड सुरू केलं आहे, टीडीएसी म्हणतात ते. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. पासपोर्ट नंबर, विमानाचा नंबर आणि पहिल्या हॉटेलचा पूर्ण पत्ता समोर घेऊन बसा. सिंगापूरला येतानाही असंच एसजी अरायव्हल कार्ड लागतं, तेही तीन दिवसांच्या आत. दोन्ही फुकट आहेत. हे ठळक सांगते, कारण गूगलवर शोधलं की सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइट वर येतात. आमच्या एका पाहुण्यांनी चौघांचे मिळून बरेच पैसे असे भरले होते. पैशाची जागा दिसली की थांबा, तुम्ही चुकीच्या दारात आहात. भरून झालं की क्यूआर कोडचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि एक प्रिंटही काढा. ज्येष्ठांचा मोबाइल ऐन काउंटरवर लॉक होतो आणि पासवर्ड नातवाला माहीत असतो.

बॅग भरताना सगळ्यात जास्त काळजी मला आईच्या डब्याची वाटते, आणि ती काळजी सिंगापूरला येण्याच्या पायरीवर घ्यायची असते. खसखस आणू नका. सिंगापूरमध्ये खसखशीचा विचार अमली पदार्थांच्या नियमांत होतो, कारण ती अफूच्या बोंडातली. आपल्याकडे दिवाळीत अनारशांवर ती पसरलेली असते, करंजीच्या सारणात भाजून घातलेली असते, काळ्या मसाल्यातही असते. आईने लेकीसाठी प्रेमाने केलेला डबा असतो, पण कायद्याला प्रेम दिसत नाही. अनारसे इथे येऊन करू, तांदूळ मिळतात. तंबाखूचंही तसंच. पुडी, गुटखा, मावा, मिश्री, खाण्याची कुठलीही तंबाखू सिंगापूरला आणायला बंदी आहे, आणि सिगरेट एकदेखील करमुक्त नाही. काका लोकांना हे निघायच्या आधी स्पष्ट सांगा, खिशातली पुडी विसरलीच जाते. च्युइंग गमही नको. ई-सिगरेट सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडे बेकायदा आहे. तरुण मुलांच्या बॅगेकडे एकदा नजर टाका.

औषधं केबिन बॅगेतच, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, तीव्र वेदनाशामक यांना दोन्ही देशांत निर्बंध आहेत. ही घेत असाल तर परवानगी लागते का ते आधी तपासा. लोणचं, तूप आणि श्रीखंड विमानतळाच्या लेखी द्रवच आहेत, 100 मिलीपेक्षा मोठी बरणी चेक-इन बॅगेत. स्वस्त विमानात केबिन बॅगेची मर्यादा बहुधा 7 किलोची असते आणि गेटवर खरोखर वजन करतात. जाताना 7 किलो भरली असेल तर बँकॉकच्या बाजारांतून परतताना काय होईल याचा विचार करून चेक-इनचं वजन आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा, काउंटरवर ते बरंच महाग पडतं.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत ठेवता येत नाही, केबिनमध्येच हवी. 100 वॉट-तासांपर्यंतची, म्हणजे साधारण 27,000 एमएएचपर्यंतची, चालते. पण 2025 पासून सिंगापूर एअरलाइन्स आणि थाई एअरवेज या दोघांनीही विमानात ती वापरायला मनाई केली आहे, म्हणून मोबाइल आदल्या रात्रीच भरून ठेवा. प्लगचं सांगायचं तर आपली दोन गोल पिनांची चार्जर थायलंडमध्ये बहुतेक ठिकाणी बसते. सिंगापूरला तीन चौकोनी पिनांचं अडॅप्टर लागतं.

चांगीला पोचायच्या आधी टर्मिनल बघा. एमआरटीचं, म्हणजे सिंगापूरच्या मेट्रोचं, स्टेशन टर्मिनल 2 आणि 3 जवळ आहे. टर्मिनल 4 वेगळ्या जागी आहे, तिथे आतली स्कायट्रेन जात नाही, शटल बसने जावं लागतं, त्याची पंधरा-वीस मिनिटं जास्त धरा. पहाटेच्या विमानाला एमआरटी उपयोगाची नाही, टॅक्सी रात्रीच सांगून ठेवा. टर्मिनल 1, 2 आणि 3 मध्ये सामानाची तपासणी गेटपाशीच होते, त्यामुळे पाण्याची बाटली तिथे रिकामी करावी लागते. आतल्या बाजूला नळ असतो, पुन्हा भरून घ्या. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर दोन दिवस आधी सांगा आणि संकोच करू नका. बाबांनी आधी नको म्हटलं होतं. सुवर्णभूमीचे लांबच लांब रस्ते चालून आल्यावर परतीला त्यांनी स्वतःच मागवली.

पाऊस-वाऱ्याचंही थोडं धरून चला. सिंगापूरला वर्षभर विजा होतात, आणि वीज जवळ पडायला लागली की मैदानावरचं काम थांबवतात, तेव्हा विमान भरलेलं असूनही तसंच उभं राहतं. बँकॉकचा पावसाळा मे ते ऑक्टोबर, आणि पाऊस बहुतेक दुपारनंतर. म्हणून माझी पसंती सकाळच्या विमानाला. पट्टा बसल्यापासून उठेपर्यंत बांधलेलाच ठेवा. 21 मे 2024 रोजी लंडनहून सिंगापूरला येणारं विमान म्यानमारवर अचानक जबरदस्त हेलकाव्यांत सापडलं, एक प्रवासी दगावले, अनेक जखमी झाले आणि विमान बँकॉकलाच उतरवावं लागलं. तेव्हापासून मी आईच्या पट्ट्याला स्वतः हात लावून बघते. अर्धी वाट सरली की खाली थायलंडचं आखात येतं, आणि त्यानंतर बँकॉकपर्यंत बहुतेक पाणीच. खिडकीची जागा मिळाली तर झोपू नका.

उतरल्यावर पासपोर्टवरचा शिक्का तिथेच उभं राहून वाचा, किती तारखेपर्यंत राहता येईल ते त्यावर असतं. सुवर्णभूमीहून शहरात जायला एअरपोर्ट रेल लिंक आहे, शेवटचं स्टेशन फाया थाई, अर्ध्या तासात पोचते आणि तिकीट जास्तीत जास्त 45 बाट. रहदारीत अडकायचं नसेल तर यासारखं काही नाही. बॅगा जड असतील तर तळमजल्यावर यंत्रातून चिठ्ठी घेऊन मीटरची टॅक्सी करा. मीटरशिवाय विमानतळाचे 50 बाट आणि वाटेतले टोल आपल्याला द्यायचे असतात, म्हणून थोडे सुटे बाट हातात हवेत. हॉटेलचं नाव आणि पत्ता थाई लिपीत हॉटेलकडून मागवून मोबाइलमध्ये ठेवा, रोमन लिपीतला पत्ता ड्रायव्हरला वाचता येईलच असं नाही. 13 ते 15 एप्रिलला सोंगक्रान असतो, त्यांचं नववर्ष, तेव्हा रांगा आणि भाडी दोन्ही वाढतात. त्या दिवसांत आठ तासांचे दहा धरा.

परतीच्या दिवशीही तेवढंच आधी निघा, आणि थोडं जास्तच, कारण सुवर्णभूमीवर एक गोष्ट बघायची आहे. थाई लोक या नावाचा उच्चार सुवण्णफूम असा करतात, पण शब्द आपलाच आहे. पासपोर्टची तपासणी करून आत गेलं की समोर समुद्रमंथनाचं भलंमोठं रंगीत शिल्प आहे: मध्ये मंदार पर्वत, त्यावर विष्णू, वासुकीला एका टोकाला धरलेले देव आणि दुसऱ्या टोकाला असुर. आई तिथे बाबांची व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलीला थांबायला सांगून बराच वेळ उभी होती. बाबांनी घड्याळ बघितलं, बोर्डिंगला अजून पन्नास मिनिटं होती.